चौकाचा आकार कोण ठरवतं?

मुलांनो, नदीने कुठे वळायचं हे कुणी तिला सांगत नाही. चौकाचं मात्र तसं नसतं. चौकात गाडीने कुठून वळायचं, कुठे थांबायचं, कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर काढून ठेवलेलं असतं. आपण रोज तिथून जातो, म्हणून आपल्याला वाटतं की चौक म्हणजे असाच असायचा. दोन रस्त्यांची फुली आणि वर लाल-हिरवे दिवे. पण जगात काही ठिकाणी ही फुली पुसून तिथे भलतेच आकार काढले आहेत बरं का! कुठे उजवीकडे जायचं असेल तर आधी डावीकडे वळावं लागतं. कुठे पुलावर चढताना सगळ्या गाड्या आपली बाजू बदलतात आणि उतरताना परत जागेवर येतात. इंग्लंडमध्ये स्विंडन नावाच्या गावी तर एका मोठ्या चक्राभोवती पाच छोटी चक्रं बसवलेली आहेत, आणि १९७२ सालापासून लोक त्यातून रोज ये-जा करत आहेत.

हे उद्योग कुणी केले, कशासाठी केले? आणि लोकांनी ते चालवून कसे घेतले? आज आपण हेच पाहणार आहोत.

बत्तीस खडे

आधी साधा चौक एवढा त्रास का देतो ते समजून घेऊ. त्यासाठी एक खेळ आहे. आमच्या शाळेच्या पटांगणात मी तो चौथीच्या मुलांकडून करून घेतला होता. कबड्डीचं मैदान आखायला आपण फक्की वापरतो ना, त्याच फक्कीने एक मोठा चौक आखला. चारही रस्त्यांच्या तोंडाशी तीन-तीन मुलं उभी केली, म्हणजे झाली बारा. प्रत्येक रस्त्यावरच्या एकाने डावीकडे वळायचं, एकाने सरळ जायचं, एकाने उजवीकडे वळायचं. एकेकाने निघायचं आणि चालताना हातातून फक्कीची बारीक रेघ सोडत जायचं. बाराही जण गेले की चौकात रेघांचं जाळं तयार होतं. आता जिथे एका रेघेच्या दोन होतात, जिथे दोन रेघा मिळून एक होते आणि जिथे रेघा एकमेकींना कापतात, अशा प्रत्येक जागी एक खडा ठेवायचा.

पहिल्यांदा मुलांचे खडे आले चोवीस. मग भांडाभांडी, पुन्हा मोजणी, आणि शेवटी आकडा आला बत्तीस! रस्ते बांधणारे इंजिनियरही हाच आकडा सांगतात. साध्या चौकात दोन गाड्यांची गाठ पडू शकेल अशा ३२ जागा असतात. त्यातल्या ८ जागी वाटा फुटतात, ८ जागी मिळतात आणि १६ जागी एकमेकींना कापतात. फुटण्या-मिळण्याच्या जागी झालीच तर बहुधा घासाघाशी होते. जीवघेणे अपघात होतात ते कापण्याच्या जागी, कारण तिथे एक गाडी दुसरीच्या थेट कुशीत शिरते.

आता त्या सोळा जागा नीट पाहा. त्यातल्या चारच जागी सरळ जाणारा सरळ जाणाऱ्याला कापतो. उरलेल्या बारा जागी भांडणात कुणीतरी उजवीकडे वळणारा असतोच! आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्यांच्या वाटेतून जावंच लागतं. अमेरिकेत सगळं उलटं. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे त्रास देणारं वळण म्हणजे डावं वळण. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिव्यांचा उपाय

पहिला उपाय सुचला तो वेळ वाटून देण्याचा. आधी तुम्ही जा, मग आम्ही. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या जवळ गॅसवर जळणारा सिग्नल उभा केला होता. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या जे. पी. नाइट या इंजिनियरची ती कल्पना. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला आणि सिग्नल चालवणारा पोलीस जखमी झाला. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात विजेचा सिग्नल लागला आणि मग दिवे जगभर पसरले.

दिव्यांनी कामही चांगलं केलं. पण एक अडचण राहिली. वळणाऱ्यांना वेगळा हिरवा दिवा द्यायचा म्हणजे बाकीच्यांच्या वाटणीतून वेळ काढायचा. शिवाय प्रत्येक वेळी दिवा बदलताना पिवळ्याचे काही सेकंद जातात, चौक रिकामा होईपर्यंत काही जातात आणि थांबलेली रांग हलायला लागेपर्यंत आणखी काही जातात. एका फेरीत चार वेळा दिवे बदलले तर हे नुकसान चौपट. शिवाय दिवा लाल असतानाही कुणी घुसला, तर तो भरधाव वेगातच घुसतो.

मग काही जणांच्या मनात आलं की वेळ वाटत बसण्यापेक्षा आकारच बदलून पाहिला तर?

एका नियमाने चक्र सुटलं

चौकात मध्ये गोल बेट ठेवून गाड्या त्याभोवती फिरवायच्या, ही कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये अशी चक्रं झाली. पण गाड्या वाढल्या तशी ती तुंबू लागली. कारण गमतीचं आहे. आत कुणी शिरायचं आणि कुणी थांबायचं, हे पक्कं ठरलेलंच नव्हतं. कित्येक ठिकाणी तर बाहेरून येणाऱ्याला वाट द्यायची पद्धत होती. मग काय, बाहेरचे आत शिरत राहायचे, आतल्यांना बाहेर पडता यायचं नाही आणि चक्राला कुलूप लागायचं. आपल्याकडे एसटी स्टँडवर गाडी लागली की उतरणाऱ्यांच्या आधी चढणारे घुसतात, तेव्हा दारात काय होतं ते आठवा!

इंग्लंडमध्ये रस्ते-संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे फ्रँक ब्लॅकमोर नावाचे इंजिनियर या प्रश्नाच्या मागे लागले होते. प्रयोग झाले, मोजमापं झाली आणि १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे नियम आला, की चक्रात जो आहे त्याचा मान पहिला. शिरणाऱ्याने उजवीकडे पाहून थांबायचं. चक्रं मोकळी झाली. मग मोठमोठ्या चक्रांची गरजही कमी झाली, लहान जागेतही चक्र बसू लागलं. सुरुवातीला सांगितलेलं स्विंडनचं पाच चक्रांचं कोडंही ब्लॅकमोर यांच्याच डोक्यातून निघालं.

आता आपले खडे पुन्हा काढा. एकेरी चक्रात गाठ पडण्याच्या जागा किती? फक्त ८! चार शिरण्याच्या, चार बाहेर पडण्याच्या. कापण्याची जागा एकही नाही. शिवाय चक्रातून जायचं तर गाडीला वाकावंच लागतं, त्यामुळे वेग आपोआप उतरतो. विज्ञानाच्या तासाला वरच्या वर्गांतली मुलं शिकली असतील की वेग निम्मा झाला तर गाडीतली गतिज ऊर्जा पाव होते. ताशी ६० किलोमीटरच्या धडकेत आणि ३० किलोमीटरच्या धडकेत म्हणूनच एवढा फरक पडतो. दवाखान्यात जावं लागेल की नुसतंच भांडण होईल, असा तो फरक आहे.

लोकांना नको होतं

एवढं चांगलं आहे तर सगळ्यांनी लगेच घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! अमेरिकेत जुनी, मोठी, तुंबणारी चक्रं लोकांनी पाहिलेली होती. १९५० च्या दशकापासून तिथल्या इंजिनियरांनीही तो नाद सोडला होता. नव्या पद्धतीचं पहिलं चक्र तिथे यायला १९९० साल उजाडलं, तेही नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासजवळच्या एका नव्या वसाहतीत. पुढे एका अभ्यासात असे २४ चौक तपासले गेले, जिथे आधी सिग्नल किंवा थांबण्याच्या पाट्या होत्या आणि नंतर चक्र झालं. एकूण अपघात ३९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, आणि माणसं जखमी होतील असे अपघात तर ७६ टक्क्यांनी!

तरी लोकांची नाराजी काही जाईना. कॅन्सस, मेरीलँड आणि नेवाडा या राज्यांतल्या तीन गावी लोकांना विचारलं, तुमच्या गावात चक्र हवं का? बांधायच्या आधी हो म्हणणारे होते शंभरात ३१. बांधून झाल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा विचारलं, तर हो म्हणणारे झाले ६३. म्हणजे वापरून पाहिल्यावर बऱ्याच जणांचं मत फिरलं. पण वापरून पाहायला मिळायचं तर आधी कुणीतरी बांधायला हवं, आणि बांधायच्या आधी तर बहुतेकांना ते नकोच असतं! रस्त्याच्या खात्यापुढचं खरं कोडं हे आहे, आणि मला तरी ते गणितापेक्षा अवघड वाटतं.

इंडियाना राज्यातल्या कार्मेल नावाच्या गावाने हे कोडं आपल्या पद्धतीने सोडवलं. तिथले महापौर जेम्स ब्रेनार्ड यांनी शिकत असताना इंग्लंडमध्ये अशी चक्रं पाहिली होती. ते १९९६ साली महापौर झाले आणि १९९७ साली तिथे पहिलं चक्र झालं. एक चाललं, मग दुसरं, मग तिसरं. ते २०२३ सालापर्यंत महापौर होते आणि तोवर लाखभर वस्तीच्या या गावात दीडशेच्या वर चक्रं झाली होती. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात एवढी चक्रं नाहीत. सगळ्याच गावांना एवढा चिकट महापौर मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन सुतळ्यांचा पूल

आता त्या बाजू बदलणाऱ्या पुलाकडे वळू. घरातल्या दोन सुतळ्या घ्या, एक लाल, एक पांढरी. शेजारी-शेजारी ठेवा. एके ठिकाणी लाल सुतळी पांढरीवरून पलीकडे न्या. वीतभर पुढे गेल्यावर ती परत तिच्या जागी आणा. वेणीचे दोन पेड घातल्यासारखं दिसेल. मधला वीतभर भाग म्हणजे पूल.

अमेरिकेत मोठ्या महामार्गावरून गावातला रस्ता पुलाने ओलांडतो, तिथे चढ-उताराचे रस्ते असतात. गावातून येऊन महामार्गावर डावीकडे उतरायचं असेल तर समोरून येणाऱ्यांची वाट कापावी लागते, म्हणजे तेच आपलं भांडखोर वळण. २००० साली मेरीलँड विद्यापीठात गिल्बर्ट क्लेविकी नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याने कागदावर असं काढलं, की पुलाच्या आधीच एका सिग्नलवर दोन्हीकडच्या गाड्यांनी बाजू बदलायची. मग पुलावर तुम्ही डाव्या बाजूला असता, समोरून येणारे तुमच्या उजवीकडे असतात. डावीकडे उतरायचं? सरळ उतरा, मध्ये कुणीच नाही! ज्याला पुढे जायचं तो पुलाच्या दुसऱ्या टोकाला परत आपल्या बाजूला येतो. सिग्नलला दोनच पाळ्या पुरतात, वळणाऱ्यांसाठी वेगळा दिवा लागतच नाही.

गंमत अशी, की फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ असा पूल १९७० च्या दशकापासून चालू होता! या विद्यार्थ्याला ते नंतर कळलं.

कल्पना उत्तम. पण ती मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. लोकांना जन्मभर सांगितलं, उजव्या बाजूने चालवा. आता त्यांनाच एका पुलावर डावीकडे पाठवायचं. एखादा गोंधळून समोरच्यांवर गेला तर जबाबदार कोण? ओहायो राज्याच्या वाहतूक खात्याने फिंडली गावापाशी असा पूल करायचा विचार २००५ च्या सुमारास केला होता. पुढच्या वर्षी तो सोडून दिला आणि जुन्या पुलालाच लेन वाढवायच्या ठरवल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जे देशात कुणीच केलेलं नाही ते आपण पहिल्यांदा करायचं, याला छाती लागते आणि पुरावाही लागतो.

पुरावा गोळा केला तो केंद्रीय महामार्ग प्रशासनाने. त्यांच्या संशोधन केंद्रात सिम्युलेटर आहे, म्हणजे जागच्या जागी बसून गाडी चालवल्यासारखं वाटावं असं यंत्र. त्यात हा पूल पडद्यावर उभा केला आणि साध्या चालकांना बोलावून चालवायला दिलं. नेहमीच्या पुलापेक्षा इथे लोक जास्त चुकतात, असं काही दिसलं नाही. कारण रस्ताच असा वाकवलेला असतो की गाडी आपसूक योग्य बाजूला जाते. विचार करायला वेळ लागतो तो नकाशा पाहणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला नाही.

मग मिसुरी राज्याचं खातं पुढे आलं. त्यांच्या स्प्रिंगफील्ड शहरात एका पुलावर डावीकडे वळणाऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागत होत्या. पूल चांगला धडधाकट होता. तो न पाडता, नुसते पट्टे, वळणं आणि सिग्नल बदलून ही रचना बसत होती, त्यामुळे खर्चही पूल रुंद करण्यापेक्षा पुष्कळ कमी येत होता. २१ जून २००९ रोजी तो पूल सुरू झाला. अमेरिकेतला असा पहिलाच. डावीकडे वळताना समोरच्या गाडीशी होणाऱ्या धडका थांबल्या आणि पहिल्या वर्षात एकूण अपघात जवळजवळ निम्म्यावर आले. एकदा हे आकडे हातात आल्यावर बाकीच्या राज्यांची भीड चेपली. आज अमेरिकेत अशा पुलांची संख्या शंभरावर गेली आहे.

सहलीचं ठिकाण ठरवावं तसं

मग खातं ठरवतं तरी कसं, की या चौकाला चक्र हवं, सिग्नल हवा की आणखी काही? पूर्वी बहुधा सवयीने ठरायचं. वाहनं वाढली की सिग्नल लावा, सिग्नल पुरेना की लेन वाढवा, तेही पुरेना की उड्डाणपूल. दुसरं काही कुणी कागदावर काढायचंच नाही, मग ते निवडलं जाणार कसं?

म्हणून अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी एक रीत घालून दिली. कॅलिफोर्नियाने २०१३ साली, जॉर्जियाने २०१७ साली आणि मिनेसोटाने तर त्यांच्याही आधी. वर्गाची सहल ठरवताना आपण जे करतो तेच हे आहे. आधी फळ्यावर सगळी ठिकाणं लिहायची, हसू येईल ती सुद्धा. मग जी एका दिवसात होणारच नाहीत ती खोडायची. उरलेल्या दोन-तीन ठिकाणांचा नीट हिशोब करायचा. भाडं किती, पाण्याची सोय काय, पाऊस आला तर काय, आणि चालताना त्रास होणाऱ्या मुलाला तिथे जमेल का.

चौकाचंही तसंच. पहिल्या फेरीत दहा-पंधरा आकार घ्यायचे. केंद्रीय प्रशासनाने त्यासाठी संगणकावरचा एक तक्ता फुकट दिलेला आहे. त्यात कुठून किती गाड्या येतात आणि कुठे वळतात ते भरलं, की कोणता आकार तुंबेल आणि कोणता चालेल ते लगेच दिसतं. दुसऱ्या फेरीत उरलेल्या आकारांची कसून तपासणी होते. अपघात किती कमी होतील, जमीन किती लागेल, कोपऱ्यावरचं दुकान किंवा झाड जाईल का, ट्रक वळेल का, बांधायला किती खर्च आणि पुढची वीस वर्षं चालवायला किती. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नाकारलेल्या आकारापुढे कारण लिहावं लागतं. नुसतं ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असं म्हणून भागत नाही.

आपल्या देशात रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे इंडियन रोड्स काँग्रेस, १९३४ साली स्थापन झालेली. चौक कसा आखावा, वाहतूक बेटाची वळणं किती रुंद असावीत, हे तिच्या पुस्तिकांत दिलेलं असतं.

शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि हायवे

लोकांच्या विरोधाला नेहमी हट्टच म्हणून चालत नाही, बरं का. चौपदरी महामार्गाला खेड्यातला रस्ता छेदतो तिथलं उदाहरण घ्या. आपल्याकडेही असे कितीतरी छेद आहेत. शाळेत जाणारी मुलं, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली आणि उसाच्या गाड्या दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातात, आणि दोन्हीकडून भरधाव वाहनं येत असतात. एकदम चार लेनचा अंदाज घ्यायचा म्हणजे मोठ्या माणसालाही जड जातं.

अमेरिकेत मिसुरी, नॉर्थ कॅरोलिना अशा राज्यांनी अशा ठिकाणी सरळ ओलांडणं बंद केलं. खेड्यातून आलेल्या गाडीने आधी वाहत्या बाजूलाच वळायचं, थोडं पुढे जाऊन दुभाजकातल्या खास जागेतून यू टर्न घ्यायचा आणि परत यायचं. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्यांकडे पाहायचं, एवढं सोपं काम. मिसुरीतल्या अशा जागांच्या अभ्यासात जखमी होण्याचे आणि जीव जाण्याचे अपघात निम्म्याहून कमी झालेले आढळले.

पण शेतकरी म्हणाले, आमचा ट्रॅक्टर, त्यामागची लांब अवजारं, ती एवढ्याशा जागेत वळणार कशी? प्रश्न रास्त होता. म्हणून यू टर्नच्या समोर, रस्त्याच्या कडेला डांबराचा जादा फुगवटा ठेवतात. लांब गाडी तिथे तोंड बाहेर काढून वळते. चक्रातही तसंच. मधल्या बेटाभोवती थोडी उंच, फरसबंद कड ठेवलेली असते. मोटारी तिच्यावर चढत नाहीत, पण ट्रकची मागची चाकं तिच्यावरून जाऊ शकतात. चांगल्या आकारातल्या अशा कितीतरी गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या तक्रारीतून आलेल्या असतात.

एक तक्रार अशी होती की तिने इंजिनियरांना पुष्कळ वर्षं विचार करायला लावलं. ती होती अंध माणसांची. सिग्नलवर गाड्या थांबल्या की आवाज थांबतो, आणि अंध माणूस त्या आवाजावरून ओळखतो की आता जायचं. चक्रात गाड्या थांबतच नाहीत, गोल-गोल फिरत राहतात. आवाज कुठून येतोय, गाडी आपल्याकडे वळतेय की पुढे जातेय, कळायचं कसं? त्यातून दोन लेनचं चक्र असेल तर एका लेनची गाडी थांबते आणि शेजारची निघून जाते. डोळसांचे अपघात कमी झाले म्हणून टाळ्या वाजवायच्या, आणि ज्याला दिसत नाही त्याला रस्त्याच्या कडेला उभं करून ठेवायचं, हे मला तरी पटत नाही. शेवटी २०२३ साली अमेरिकेत पदपथांविषयीची जी केंद्रीय नियमावली प्रसिद्ध झाली, तिच्यात याची सोय केली आहे. एकापेक्षा जास्त लेन असलेल्या चक्रात ओलांडण्याच्या जागी पादचाऱ्यांसाठी सिग्नल, लुकलुकणारे दिवे किंवा उंचावलेला पट्टा, यांपैकी काहीतरी द्यायला हवं.

आपल्या शहरांतही हल्ली एखाद्या चौकात बॅरिकेड लावून उजवं वळण बंद करतात आणि पुढे जाऊन यू टर्न घ्यायला सांगतात. तुम्ही रिक्षातून जाताना पाहिलंच असेल. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात १९६० च्या दशकात जे सुरू झालं, त्याचीच ही धाकटी भावंडं. फरक एवढाच, की तिथे यू टर्नसाठी रुंद दुभाजकात वेगळी वळणं बांधलेली होती. बॅरिकेडच्या चौकात पायी चालणाऱ्याला कुठून जाऊ देतात ते मुद्दाम बघा.

आणि बघायचंच तर मोजूनही बघा. नवा आकार निवडायच्या आधी प्रत्येक खात्याला हेच काम करावं लागतं. घरातल्या मोठ्या माणसाबरोबर चौकाजवळच्या एखाद्या गॅलरीत पंधरा मिनिटं बसा. रस्त्यावर उभं राहायचं नाही हं! कागदावर बारा उभे रकाने आखा. चार रस्ते, आणि प्रत्येकाचे तीन रकाने, डावीकडे, सरळ, उजवीकडे. गाडी गेली की त्या रकान्यात उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. मोठ्या गाड्यांसाठी वेगळी खूण करा. सकाळी शाळेच्या वेळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा, आकडे बरेच वेगळे येतील. शेवटी आणखी चार रकाने आखा, प्रत्येक रस्ता पायी ओलांडणाऱ्यांसाठी. आमच्या मुलांनी मोजलं तेव्हा सर्वांत आधी भरले ते हेच चार.